घोडा कपाटात, चावी माहेरी

कृष्णाकाठच्या माणसाचं सध्या कसं काय चाललंय, हे तो कशाची चौकशी करतो यावरून कळतं. उसाचं बिल निघालं की ट्रॅक्टरची चौकशी. रस्त्यात जमीन गेली की बंगल्याच्या प्लॅनची. आणि बंगला उभा राहिला, दारात पांढरी गाडी लागली, थोरल्यानं सोसायटीला अर्ज भरला, की मग एका संध्याकाळी आवाज खाली आणून विचारणा होते, "घरासाठी म्हणून एखादं भरवशाचं पिस्तूल घ्यावं म्हणतोय. कुठलं बरं पडंल?"

'घरासाठी म्हणून' हे विशेष. मिक्सरही घरासाठीच घेतात, पण तो कमरेला खोचून कुणी साखरपुड्याला गेलेलं पाहिलं नाही.

घरासाठी घेतलेलं पिस्तूल जत्रेच्या मैदानात मानाच्या कुस्तीला पहिल्या रांगेत असतं. बारशाला असतं. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला असतं. हायवेच्या ढाब्यावर मटणाच्या ताटाशेजारी, कांदा-लिंबाच्या बरोबरीनं, टेबलावर मांडलेलं असतं. तेवढा वेळ घर कुणाच्या भरवशावर? दारातल्या कुत्र्याच्या आणि सोप्यात खोकणाऱ्या म्हातारीच्या. दोघंही बिनपरवाना.

कायद्याला ही हौस चांगली माहीत आहे. २०१६ चे शस्त्र नियम सांगतात, की चारचौघांत हत्यार न्यायचं तर होल्स्टरमध्ये घालून न्या. ते परजू नका, लग्नात-वरातीत बार काढू नका. तेवढ्यानं भागलं नाही. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी वेगळी शिक्षा ठेवावी लागली. देशाच्या संसदेला वऱ्हाडी मंडळींसाठी खास तरतूद करावी लागते, तेव्हा हौस किती जुनी असेल ते बघा. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनाऐवजी दोनच हत्यारं राहतील असं ठरवलं आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. हत्यार एक कमी झालं, मिरवायला दोन वर्षं जास्त मिळाली. पुढाऱ्यांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आणि हत्याराचं हे मिरवणं साताऱ्यात व्हावं? प्रतापगड ह्याच जिल्ह्यातला. १० नोव्हेंबर १६५९ ला त्या गडाच्या पायथ्याशी स्वसंरक्षणाचा जो प्रसंग घडला, तो इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. अंगरख्याखाली चिलखत, जिरेटोपाखाली पोलाद, मुठीत वाघनखं. आणि समोरच्याला यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सगळा डावच न दिसण्यावर उभा होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली. साताऱ्याला रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून ती तिकडं गेलेली. हीच का ती, असं विचारल्यावर लंडनवाल्यांनी हात वर केले होते, ते असो. बघायला पिस्तूलवाल्या पांढऱ्या शर्टांनीही गर्दी केली. काचेपलीकडचं ते चार नखांचं हत्यार डोळे भरून पाहिलं, सेल्फी काढला आणि बाहेर येऊन कमरेचा पट्टा नीट दिसेल असा पुन्हा वर ओढला.

आता परवान्याकडं वळू. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, कारण सातारा-सांगलीत पोलीस आयुक्तालय नाही. जिल्हादंडाधिकारी या नात्यानं तेच मालक. अर्जासोबत फोटो, पत्त्याचा पुरावा, शरीर आणि डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळायला शिकल्याचं प्रमाणपत्र, ते सुरक्षित ठेवण्याची हमी. मग कागद पोलीस ठाण्यात चौकशीला. इथं खरी गंमत. कायद्यात नुसती हौस चालत नाही, कारण लागतं. म्हणजे जिवाला धोका पाहिजे आणि तो कागदावर आला पाहिजे. हवालदार सोप्यात बसून जबाब लिहून घेतो.

"धोका कुणापासनं हाय?"

"तसा कुणापासनं न्हाई."

"मग परवाना कशाला?"

"हाय की मग. भावकीपासनं."

"भावकी राहती कुठं?"

"ह्या भिंतीपलीकडं. तुमच्या हातातला चहा तिकडनंच आलाय."

धोका मिळवण्यासाठी माणसं काय काय करतात, त्यावर एक वेगळं सदर होईल. कुणी बांधावरच्या जुन्या भांडणाची एनसी शोधून काढतो. कुणी साहेबांच्या लेटरहेडवर शिफारस आणतो. त्यात हे गृहस्थ किती लोकप्रिय आहेत याचं वर्णन असतं आणि त्याच दमात त्यांच्या जिवावर किती जण उठलेत याचं.

बरं, परवाना मिळाला असं धरू. मग मूळ प्रश्न, कुठलं घ्यावं? विचारणाऱ्याची अशी समजूत असते की आपण अमेरिकेतल्यासारखे दुकानात जाणार, दहा पिस्तुलं हातात घेऊन बघणार आणि वजनाला बरं वाटेल ते उचलणार. इथं सगळ्यात आधी नडतो तो बोअर. नऊ एमएम, पॉइंट ३८, पॉइंट ४५५ हे सगळे प्रतिबंधित; पोलीस आणि लष्कराचे. सामान्य माणसाला छोट्या हत्यारात उरतं ते मुख्यतः पॉइंट ३२ आणि पॉइंट २२. परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकापासून नागरिकांसाठी जवळपास बंद आहे. त्यामुळं आजोबांच्या काळातलं वेब्ली किंवा वाल्थर आजही हातोहात फिरतं आणि त्याला किंमत येते नव्या मोटारीची. ज्याच्या स्प्रिंगा साहेब देशातून गेला तेव्हाच्या, ते हत्यार 'फॉरेन' म्हणून लाखांत घ्यायचं आणि भरवशाच्या गोष्टी करायच्या.

देशी मालात सरकारी कारखान्याची रिव्हॉल्व्हरं. कानपूरला फील्ड गन फॅक्टरी आहे. तिनं २०१४ च्या सुरुवातीला बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोच्या आसपासचं रिव्हॉल्व्हर काढलं. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. रात्री उशिरा एसटी स्टँडवर उभ्या राहणाऱ्या बाईला परवडेल असा भाव बघूनच ठेवला असावा. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातल्या कानपूरच्या कंपनीनं २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'प्रबल' आणलं : पॉइंट ३२, वजन सातशे ग्रॅमच्या घरात, मारा ५० मीटरपर्यंत असल्याचा दावा आणि चक्री बाजूला उघडणारी. जुन्या मॉडेलात गोळ्या भरायच्या तर नळीच पुढं वाकवून मोडावी लागते, तसं यात नाही. मारा ५० मीटरचा म्हटल्यावर आमच्याकडं भुवया उंचावतात. पण तुमच्या माजघरापासून ओसरीपर्यंत अंतर किती? पंधरा-वीस फूट. पुढचे मीटर कुणाच्या घरात जातात, याचा विचार कंपनीनं करायचा नसतो, तो तुम्ही करायचा. रानातल्या वस्तीवर पलीकडची खोली पत्र्याची असते आणि तिथं पोरं झोपलेली असतात.

काडतूस मात्र आपल्याकडचं. खडकीचा दारूगोळा कारखाना, केएफ ही त्याची खूण. कानपूरचं रिव्हॉल्व्हर आणि पुण्याची गोळी, हा संसार बरा चालतो. काडतूस महाग, शिवाय किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं. म्हणून ती जपून ठेवली जातात. कापडात गुंडाळून, दसऱ्याला हळद-कुंकू लावून, वर्षानुवर्षं. कुठल्याही जुन्या हत्यारवाल्याला विचारा, ऐन वेळी दगा द्यायला जुनं काडतूस पुरेसं असतं.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, यावर ढाब्यावर रात्री रात्री चर्चा झडतात. पिस्तूल चपटं, शर्टाखाली बसतं, दिसायला सिनेमातलं. पण त्याला मॅगझिन, त्याला स्प्रिंग, त्याची स्लाइड ओढायची, सेफ्टी सोडायची. मधेच गोळी अडकली तर ती कशी काढायची हे झोपेतही हाताला माहीत हवं. रिव्हॉल्व्हरचं यंत्र अडाणी आहे. चाप ओढला, गोळी सुटली नाही, पुन्हा चाप ओढा, चक्री फिरून पुढचं काडतूस आलेलं असतं. म्हणून माझं मत विचाराल तर रिव्हॉल्व्हर, नवं, देशी. आणि महिन्यातून एकदा रेंजवर हात चालवायला जाणं. हे शेवटचं सांगितलं की समोरचा बिल मागवतो.

वास्तविक नेमबाजी आमच्या शेजारी, कोल्हापुरात पिकते. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं, तेही पॉइंट २२ च्या पिस्तुलानं, ज्याला आमचे भाई 'चिमण्या मारायचं' म्हणतात. त्या पदकामागं वर्षानुवर्षांचा सराव आहे. भाईंची आजवरची सगळी फैर पुतण्याच्या वरातीतली, आणि निशाण कुठलं तर आभाळ. तेही चुकलं नाही म्हणून कौतुक.

गंमत अशी, की १९५९ चा शस्त्र कायदा तयार करणाऱ्यांना घर राखण्याची कल्पना होती, पण त्यांच्या डोळ्यासमोर पिस्तूल नव्हतं. संरक्षणासाठी म्हणून कायद्यानं झुकतं माप दिलं ते वीस इंचांहून आखूड नळी नसलेल्या साध्या बंदुकीला, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरपट्ट्यात रानडुकरांपायी ज्यांचं भात-भुईमूग जातं, त्यांच्या माळ्यावर ती ठासणीची अजून सापडेल. चांगली काठीएवढी लांब. ती कमरेला लागत नाही आणि लग्नात घेऊन गेलं तर लोक माकडं हाकायला आलाय का म्हणून विचारतात. त्यामुळं तिला मागणी नाही.

ज्याला खरोखर हत्यार चालवता येतं, तो माणूस कुठं असतो माहीत आहे? बँकेच्या दारात. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथून पहिल्या महायुद्धापासून माणसं फौजेत आहेत. अशा गावांतला निवृत्त जवान बारा बोअरची दुनळी घेऊन पगारावर उभा असतो. बंदुकीची नळी जमिनीकडं, बोट चापाच्या बाहेर. तो ती कुणाला दाखवत नाही आणि कुणी हातात मागितली तर देत नाही. त्याच बँकेत पांढरा शर्ट कर्जाचं नवंजुनं करायला येतो, तो मात्र खुर्चीत बसण्याआधी कमरेचं काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवतो. टोचतंय म्हणून.

आता ती रात्र बघू, जिच्यासाठी हे सगळं चाललंय.

पहाटेचे अडीच. लाइट गेलेली, कारण थ्री फेजची पाळी रात्रीची आहे की दिवसाची याचा घोळ. मागच्या दाराशी कडी वाजते. मालक जागे होतात. हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून दिलेली, म्हणून रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात. काडतुसं वेगळी, देवघराच्या वरच्या फळीवर, नातवाचा हात पोचू नये म्हणून. कपाटाची चावी वहिनींच्या जुडग्यात. वहिनी माहेरी, जुडगा त्यांच्याबरोबर. चष्मा कुठं ठेवलाय ते उजेडात सापडत नाही, तर अंधारात काय सापडणार. एवढ्यात म्हातारी आतून ओरडते, "कोन हाय रं तिकडं?" आणि चोर पळतो. सकाळी मालक मिशीला पीळ देत सांगतात, "घरात हत्यार हाय हे त्येला ठाव हुतं. म्हणून पळाला."

समजा, कपाट उघडं राहिलं आणि हत्यार हाती लागलं. मग कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. तिच्या ३८ व्या आणि ४१ व्या कलमात स्वतःचा जीव आणि मालमत्ता वाचवताना कुठवर जाता येतं ते सांगितलंय. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीचं घरफोडीचं कृत्य, राहत्या घराला आग लावणं, अशा प्रसंगी समोरच्याचा जीव गेला तरी बचावाचा हक्क धरला जाऊ शकतो. पण ३७ वं कलम लगेच कान धरतं : गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. पाठ दाखवून पळणाऱ्या चोराला गोळी घातलीत तर पुढं कोर्टात बसून 'गरज' शब्दाचा अर्थ वकील लावत राहतील आणि तुम्ही तारखा मोजत राहाल. चोर मुद्देमालासकट सुटेल, तुमचं रिव्हॉल्व्हर मुद्देमालात जाईल.

बाहेरच्या चोराचं सोडा. महाराष्ट्रात घरातल्या हत्यारानं आजवर जे गाजवलं, ते आठवून बघा. २२ एप्रिल २००६ ला वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा सख्खा भाऊ, पिस्तूल पॉइंट ३२ चं ब्राउनिंग, परवान्याचं. एवढा मोठा नेता, दाराशी पोलीस, आणि सकाळच्या वेळी येणारा घरचाच माणूस. ३ मे रोजी महाजन गेले. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदानं पहाटे प्रवासाला निघताना स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवायला घेतलं, ते हातातून निसटलं आणि गोळी त्याच्याच पायात गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरात एका आमदारानं जमिनीच्या वादात गोळ्या झाडल्या. जागा कुठली, तर पोलीस ठाण्यातली वरिष्ठ निरीक्षकांची केबिन. भावकी, कपाट आणि पोलीस ठाणं. आमच्याकडच्या अर्जातही हेच तीन शब्द येतात, फक्त क्रम वेगळा.

बीडचं नाव काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर कुणीतरी विचारलं, या जिल्ह्यात शस्त्र परवाने आहेत तरी किती? आकडा बाराशेच्या वर निघाला. हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले, मग प्रशासनानं टप्प्याटप्प्यानं परवाने रद्द करायला घेतले. त्या आठवड्यात आमच्याकडंही बरेच शर्ट बाहेर काढून घातले गेले. इतके दिवस इन केलेले असायचे.

आणि सगळ्यात मोठा विनोद निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करण्याचा हुकूम निघतो. छाननी समिती बसते, बँकांचे रखवालदार आणि नेमबाज वगळले जातात, बाकी यादीतल्या मंडळींनी आपापलं हत्यार ठाण्यात आणून द्यायचं. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून ६ जूनपर्यंत होती, विधानसभेची १५ ऑक्टोबरपासून २५ नोव्हेंबरपर्यंत. सव्वाशे दिवस. मतदारसंघात सगळ्यात जास्त रोकड, सगळ्यात जास्त दारू आणि सगळ्यात जास्त वैर ज्या दिवसांत फिरतं, नेमक्या त्या दिवसांत जिवाला धोका असलेली माणसं निःशस्त्र. आणि तरीही धडधाकट! ठाण्याच्या पायरीवर हत्यार जमा करायला आलेल्यांची बैठक जमते, पावती खिशात घालून सगळे मिळून मिसळ खायला जातात. त्यांच्या अर्जांत ज्याच्यापासून धोका आहे असं लिहिलंय, तोही त्याच बाकावर बसून तर्रीचा वाडगा पुढं सरकवतो. गुलाल पडला, आठवडा गेला, हत्यारं परत. परत मिळाली की लगेच धोकाही परत येतो.

धोका नाही असं मात्र कुणी म्हणू नये. विटा, खानापूर, आटपाडीकडची हजारो कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाईवाल्यांनी गावाकडं बंगले बांधले, टोलेजंग, दारात सिमेंटचे सिंह. आत राहतात फक्त आई-बाप. मुलगा केरळात नाहीतर दिल्लीत. त्याला रात्री झोप लागत नाही हे खरं आहे, आणि मग तो बापासाठी पिस्तुलाची चौकशी करतो. बापाच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हाताला कंप. त्या हातात सातशे ग्रॅमचं भरलेलं रिव्हॉल्व्हर दिलं तर चोरापेक्षा दूधवाल्यानं जपून राहायला हवं.

आणि सशस्त्र टोळी खरोखर आलीच तर? ४ जून २०२३ ला, रविवारी भरदुपारी, सांगली-मिरज रस्त्यावरच्या दागिन्यांच्या मोठ्या दालनात पोलीस असल्याची बतावणी करून टोळी शिरली आणि पिस्तुलांच्या धाकावर कोट्यवधींचा माल घेऊन गेली. तिथं तर दिवस होता, माणसं होती, कॅमेरे होते. समोर चार जण हत्यार रोखून उभे असताना कमरेकडं हात नेणारा सिनेमात वाचतो. ज्यांना कायद्याचा रस्ता लांब वाटतो, ते मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीचा माल धरतात. गावठी कट्टा. तो पकडला गेला की निदान दोन वर्षं जातात, आणि चालवला की कधीकधी पुढच्या माणसाऐवजी धरणाऱ्याचीच बोटं.

पण खरं सांगायचं तर आमच्याकडची मोठी दरोडेखोरी आता मागच्या दारानं येतच नाही. ती चहा पिऊन जाते. तासगाव, पलूस, मिरज पूर्व, कवठे महांकाळ. द्राक्षाच्या हंगामात व्यापारी बागेत येतो, दादा-आबा करतो, माल उचलतो, चेक देतो आणि गायब होतो. वर्षभराची कमाई एका ट्रकात. त्याच्यावर रोखायला पिस्तूल आहे का बाजारात? वजनकाट्यावर ऊस कमी भरतो तेव्हा कुणावर रोखायचं? आणि परवा एका निवृत्त गुरुजींना फोनवर कुणी 'सीबीआयमधून बोलतोय' म्हणून व्हिडिओ कॉलवर दिवसभर 'अटक' करून ठेवलं आणि आयुष्यभराची पुंजी वळती करून घेतली. गुरुजींच्या कपाटात रिव्हॉल्व्हर होतं. ओटीपीही त्यांनी स्वतःच सांगितला, नीट, दोनदा, शाळेत आकडे सांगावेत तसा.

रात्रीची राखण हा प्रश्न या मातीत नवा नाही. १९४३ नंतर साताऱ्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, तेव्हा इंग्रजांइतकाच त्रास दरोडेखोरांचा होता. भूमिगतांच्या नावावर लुटालूट करणारेही होते. कुंडलच्या तुफान सेनेनं गावोगावी पोरं उभी केली, गस्त घातली, गुन्हेगारांना गावासमोर उभं करून न्याय केला. बंदुका त्यांच्याकडंही होत्या, पण थोड्या. गावं राखली ती रात्री जागणाऱ्या माणसांनी. आणि हत्यार राखणदाराच्या हातात असलं म्हणजे ते त्याच्याच बाजूचं राहील असंही नाही. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, ते पहारेकऱ्यांच्याच बंदुका हिसकावून. वसंतदादांना गोळी लागली, दोन साथीदार कामी आले. पहारेकऱ्यांना मात्र पुढं आयुष्यभर एकच प्रश्न विचारला गेला असणार : बंदूक तुझ्या हातात होती ना?

हल्ली बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल-फ्री नंबरावर फोन केला की आपलाच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. "मळ्यात चोर आलेत" म्हटलं की शे-दोनशे माणसं टॉर्च आणि काठ्या घेऊन बाहेर. फोन फुकट, परवाना नाही, दर पाच वर्षांनी नूतनीकरण नाही. अडचण एवढीच, की हे कमरेला लावता येत नाही. शिवाय फोन केल्यावर भावकी सगळ्यात आधी धावून येते, म्हणजे अर्जातलं कारणच खोटं पडतं.

राहता राहिलं हत्याराचं पुढं काय होतं ते. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडं पंचवीस वर्षं राहिलं, की वारसाला परवाना मागता येतो. म्हणजे वारसांत वाद आलाच. आमच्या भागातल्या एका घरात मध्यंतरी वाटण्या झाल्या. रान निम्मं निम्मं, विहीर सामाईक, बंगल्याचा वरचा मजला धाकट्याला. रिव्हॉल्व्हरवर गाडं अडलं. थोरला म्हणाला, आबांची आठवण आहे, मलाच पाहिजे. धाकटा म्हणाला, मग काडतुसं मला. पंच दिवसभर बसले. शेवटी आत्याबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "कपाटाची किल्लीच सापडंना."